बॉनेट धरणारे दाजी

माझ्या गॅरेजमध्ये गाडीचं बॉनेट माझे दाजी धरतात. गेली नऊ वर्षं धरतायत. कुठल्या गॅरेजात हवा भरायचं मशीन असतं, कुठे गाडी उचलायचा जॅक असतो. माझ्याकडे ही दोन्ही आहेत आणि शिवाय दाजी आहेत.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. ते एका छापखान्यात कागद मोजायचे. छापखाना बंद पडला आणि ते घरी बसले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ताईच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. त्या दिवशी ताईने चहात साखर म्हणून मीठ घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात जेवणाचा डबा देऊन त्यांना माझ्याकडे पाठवलं. "जरा बसू दे तुझ्याकडे," एवढंच ती फोनवर म्हणाली.

नेमकं त्याच दिवशी एका जुन्या गाडीचं बॉनेट माझ्या मानेवर पडलं. बॉनेटला स्वतःची दांडी असते, गाडीबरोबरच येते. पण माझ्याकडे येणाऱ्या गाड्या अशा वयाच्या असतात की ती दांडी गंजलेली असते, नाहीतर वाकलेली असते, नाहीतर मालकाने तिचं घरी दुसरंच काहीतरी केलेलं असतं. मानेला चार टाके पडले. दाजींनी मला दवाखान्यात नेलं, परत आणलं आणि म्हणाले, "तू कर तुझं काम. मी धरतो."

तेव्हापासून आमचं ठरलेलं आहे. डोकं आत घालण्याआधी मी विचारतो, "धरलंय ना?" ते म्हणतात, "धरलंय." डोकं बाहेर काढण्याआधी मी म्हणतो, "निघतोय." ते म्हणतात, "नीघ." नऊ वर्षांत यात एका शब्दाचा फरक पडलेला नाही. दाजींना गाडी चालवता येत नाही. इंजिन ते रोज बघतात, पण त्यातलं काय कशासाठी असतं हे त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. बॉनेट हे त्यांचं खातं, इंजिन माझं. गिऱ्हाइकं मात्र गाडीबद्दलचा सल्ला त्यांनाच विचारतात, कारण त्यांचा चेहरा दिसत असतो आणि माझी पाठ.

मागच्या महिन्यात एका दुपारी ताई गॅरेजच्या मागच्या दाराने आली. ती मागच्या दाराने येते तेव्हा माझं काहीतरी चुकलेलं असतं.

"ह्यांचा खांदा पार कामातून गेलाय," ती म्हणाली. "तीन महिने झाले. शर्ट घालताना हात वर जात नाही. डॉक्टरांनी बजावलंय, हात वर धरून ठेवायचा नाही म्हणजे नाही."

"मग मला बोलले नाहीत ते?"

"तुला कशाला बोलतील? तू लगेच बाजारातून दांडी आणशील. मग हे उद्यापासून घरी, आणि माझे डबे आहेतच."

"मी त्यांना घरी पाठवेन? मी?"

"तू नाही रे पाठवणार. तेच निघून येतील. छापखाना बंद झाला तेव्हा कसे झाले होते, विसरलास? आपली गरज संपली असं त्यांना परत वाटता कामा नये. बॉनेट त्यांच्या हातातून काढ, पण गॅरेज काढू नकोस." दारापर्यंत जाऊन ती पुन्हा वळली. "आणि तुझ्या त्या काळ्या हातांनी त्यांच्या काठीला शिवत जाऊ नकोस. मूठ रोज ग्रीसने माखलेली असते. पुसून पुसून मी थकले."

गुडघ्यामुळे दाजी दोन वर्षं काठी वापरतात. मी तिला कधी बोटही लावलेलं नव्हतं, पण मोठ्या बहिणीला हे सांगून उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी मी हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक दांडी काउंटरवर ठेवली.

"ही घ्या. बटण दाबलं की लांब होते, आपोआप लॉक होते. कोणी उभं राहायची गरजच नाही."

"ही नको," मी म्हणालो.

त्याने दुसरी काढली. हाताने फिरवून लॉक करायची, दोन्ही टोकांना जाड रबर. "ही घसरत नाही. हिलाही माणूस लागत नाही."

"माणूस लागणारी दाखवा."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे कशी?"

"म्हणजे चांगली हवी. बॉनेट पडता कामा नये. पण इतकीही चांगली नको की शेजारी कोणी उभं असेल तर ते बावळट दिसेल."

दुकानदाराने आत जाऊन एक चिमटा आणला. नव्या गाड्यांचं बॉनेट गॅस भरलेल्या दांड्या उचलून धरतात, त्यांच्यावर तो बसवायचा असतो. माझ्याकडच्या गाड्यांना गॅसच्या दांड्या नसतात, आणि असल्या तर त्यांत गॅस नसतो. त्यानंतर त्याने काही दाखवलं नाही, नुसतं पाणी दिलं. मी मुकाट्याने ती रबरवाली दांडी घेतली, गॅरेजमध्ये आणून जुन्या टायरांच्या मागे लपवली आणि दाजींना काय सांगायचं या विचारात आठ दिवस काढले. त्या आठ दिवसांतही मी रोज विचारत होतो, "धरलंय ना?" विचारताना मला स्वतःचीच लाज वाटायची.

नवव्या दिवशी आमचा नेहमीचा टॅक्सीवाला आला. इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल गळत होतं. तिथे नजर पोचत नाही, त्यासाठी माझ्याकडे लांब दांड्याचा एक छोटा गोल आरसा आहे. मी डोकं आत घातलं आणि आरसा सरकवला. तो जरा जास्तच वळला आणि त्यात मला वरची बाजू दिसली.

बॉनेट काठीवर उभं होतं. काठीची मूठ पुढच्या पत्र्याच्या खाचेत अडकवलेली, बुडाचं रबर वर बॉनेटला टेकवलेलं. शेजारी दाजी होते. त्यांचा उजवा हात वर होता, तळहात उघडा, बॉनेटच्या खाली एक इंच. तो बॉनेटला लागलेलाच नव्हता. काठी घसरलीच तर म्हणून तो तिथे होता. दाजींचा चेहरा घामाने डबडबला होता.

"निघतोय," मी म्हणालो.

"नीघ."

आरशात काठी झटकन खाली आली आणि हात बॉनेटला लागला. मी बाहेर आलो तेव्हा सगळं नऊ वर्षांसारखं होतं. मी टॅक्सीवाल्याला बाजूला घेऊन विचारलं, "हे कधीपासून?"

"तीनेक महिने. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

म्हणजे गिऱ्हाइकांना माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं. मी दाजींकडे गेलो.

"दाजी, काठी लावता ना? मग हात कशाला वर धरता? सगळा खांदा त्यानेच गेला असेल."

त्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "लाकडी काठी ती, तिचा काय भरवसा? खाली तुझी मान असते."

मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी टायरांच्या मागे गेलो. जरा वेळाने दांडी घेऊन बाहेर आलो.

"आठ दिवस झाले तिला तिथे," दाजी म्हणाले. "म्हटलं, आज बोलशील, उद्या बोलशील. चांगली दिसते. मग मी उद्यापासून..."

"चांगली आहे की नाही तेवढं सांगा. बॉनेट तुमचं खातं आहे. तुम्ही पास केल्याशिवाय मी हिच्याखाली डोकं घालणार नाही. आज नाही, उद्या नाही, कुठल्याच गाडीत नाही."

दाजींनी माझ्याकडे बघितलं, मग दांडीकडे. "प्रत्येक गाडीत बघावी लागेल?"

"प्रत्येक."

त्यांनी दांडी हातात घेतली. रबर दाबून पाहिलं, लॉक फिरवून पाहिलं, दांडी बॉनेटखाली लावली, बॉनेट दोनदा हलवलं. मग चष्मा काढून टॅक्सीवाल्याच्या हातात दिला आणि मी काही म्हणायच्या आत खाली वाकून स्वतःचं डोकं आत घातलं.

"अहो दाजी, काय करताय हे!"

"मग काय तुझी मान घालून तपासू?" आतून आवाज आला. "किती वेळ असतोस तू आत?"

"कधी कधी अर्धा तास."

"मग अर्धा तास."

टॅक्सीवाल्याने घड्याळ पाहिलं आणि एक खोकं ओढून त्यावर बसला. थोड्या वेळाने दाजींनी आतून विचारलं, "हे लांबडं काय रे?" मी म्हटलं, पाण्याचा पाइप. "आणि हे काळं?" मी तेही सांगितलं. त्यांनी आणखी चार-पाच गोष्टी विचारल्या.

मग म्हणाले, "धरलंय ना?"

मी बघितलं. दांडी सरळ उभी होती, रबर घट्ट बसलं होतं, बॉनेट तसूभरही हललं नव्हतं. माझा उजवा हात वर होता, तळहात उघडा, बॉनेटच्या खाली एक इंच. तो केव्हा वर गेला, मला कळलं नव्हतं.

"धरलंय," मी म्हणालो.