बोंडीची एकादशी

"हिला रिकेट्स झालाय," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या बोंडीचा पुढचा पाय त्यांनी दोन बोटांत धरून मला दाखवला. पाय मनगटापाशी फुगलेला आणि बाहेरच्या बाजूला वाकलेला. "रिकेट्स म्हणजे लहान लेकरांना होतो तो मुडदूस. हाडांत चुना भरत नाही, हाडं मऊ राहतात, अंगाचं वजन पडलं की वाकतात."

यवतमाळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी उभी होते. बाहेर बैल, म्हशी, एक लंगडी घोडी, आणि आत टेबलावर माझं हे मांजराएवढं पांढरं कुत्रं. दोन दिवस ती उठेचना, मला वाटलं होतं पायात काटा मोडला असेल. काटा काढायला आले आणि मुडदूस घेऊन बसले.

बोंडी आमच्याकडे कशी आली ते आधी सांगते. आम्ही बाभुळगावला राहत होतो. आमचे हे शाळेत मास्तर. महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. जंगलखात्याच्या एका साहेबाची बदली झाली, त्यांच्या पामेरियन कुत्रीला पिल्लं झालेली, त्यातलं एक त्यांनी ह्यांच्या झोळीत घातलं. फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखी दिसायची, म्हणून बोंडी. दोन महिन्यांची आली, दवाखान्यात नेली तेव्हा सात महिन्यांची होती.

डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय देता?"

मी मोठ्या कौतुकाने सांगायला लागले. आमचं घर माळकरी. सोमवार ह्यांचा, गुरुवार माझा, शनिवार माझ्या सासूबाईंचा. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. शिवाय एकादशी, चतुर्थी. ज्या दिवशी ज्याचा उपास, त्याच्या ताटातलं बोंडीला. साबुदाण्याची उसळ, भगर, उकडलेला बटाटा, शेंगदाण्याचा लाडू. उरलेल्या दिवशी चहात बुडवलेली पोळी. आणि उन्हात सोडत नाही हो, केस लाल पडतात. देवघरात आत्याबाईंच्या मांडीशी असते दिवसभर.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, माणसाच्या लेकराले तरी एवढे उपास करवता का?"

त्याचं काय झालं होतं, एका एकादशीला बोंडीने पोळी हुंगली आणि सोडून दिली, आत्याबाईंच्या ताटातली उसळ मात्र चाटून पुसून खाल्ली. झालं! "बोंडी एकादशी करते," असं आत्याबाईंनी सगळ्या आळीला सांगितलं. भजनाला येणाऱ्या बायका तिच्या पायांना हात लावायच्या. आणि ते पाय आता डॉक्टरांच्या बोटांत वाकलेले होते.

"तीन आठवडे पाहू," ते म्हणाले. "आता सांगतो त्या खाण्याने उभी राहिली तर पाय बरेच सुधारतील. नाहीतर हाडं अशीच वाकडी पक्की होतील, मग ही जन्मभर घसटत चालेल."

त्यांनी कॅल्शियम लॅक्टेटची पूड दिली, म्हणजे पोटात घ्यायचा औषधी चुनाच. शार्क लिव्हर ऑइल दिलं, म्हणजे माशाच्या कलेजीचं तेल, दिवसाला मोजके थेंब. सकाळचं कोवळं ऊन सांगितलं. आणि मग म्हणाले, "अंडं द्या. मटण द्या. हाडांचा रस्सा द्या."

एस.टी.त बोंडीला पिशवीत घालून मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, "पिशवीत काय हाय, मावशी?" मी म्हटलं, "आजारी लेकरू." त्याने वाकून पाहिलं. "लेकराले लय मिशा आल्या," म्हणाला आणि पुढे गेला. सगळी गाडी हसली. मला हसू येईना. माझ्या घरात अंडं कसं न्यायचं?

आत्याबाईंनी ऐकलं आणि एकच बोलल्या, "या उंबरठ्याच्या आत अंडं येणार नाही. औषधाचा थेंब द्यायचा थो द्या."

मग मला जमनाबाई आठवली. आमच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून तिच्या बंजारा तांड्याची वाट. जळतण विकायला यायची. तिच्याकडे कोंबड्या होत्या आणि एक तांबडं कुत्रं, दगडासारखं टणक. तिला सगळं सांगितलं तर पोट धरून हसली. "याडी ऽ," म्हणाली, म्हणजे त्यांच्या बोलीत आई गं, "तुमचं कुत्रं एकादशी करते अन् आमचं रोज शिमगा करते! मंग पाय कोणाचे वाकतीन?" पण दुसऱ्याच दिवशी ती पदरात चार अंडी आणि एक काळं मडकं घेऊन मागच्या दाराने आली. परसात लिंबाखाली तीन दगड मांडून तिने मला चूल घालून दिली. ती चूल घराच्या बाहेर, म्हणजे उंबरठ्याचा प्रश्न मिटला.

आता ते मडकं कसं लावायचं ते लिहिते, कारण कोणाच्या तरी घरी असं लहान कुत्रं असेलच.

ज्वारीच्या कण्या मऊ गळेपर्यंत शिजवायच्या. दुसऱ्या भांड्यात थोडं मटण हाडासकट उकळायचं, मग हाडं सगळी काढून टाकायची. शिजलेलं हाड कुत्र्याला कधी देऊ नका, ते टोकदार फुटतं आणि आतडं चिरतं. हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मटण नसेल त्या दिवशी उकडलेलं अंडं. त्यात कोहळ्याची फोड, दोडका किंवा गाजर, जे असेल ते उकडून कुस्करून. जेवढं मटण किंवा अंडं, साधारण तेवढ्याच कण्या, आणि भाजी त्याच्या निम्मी. मीठ नाही, तिखट नाही. कांदा-लसूण तर बिलकुल नाही, त्याने कुत्र्याचं रक्त कमी होतं असं डॉक्टर म्हणाले. एवढंसं कुत्रं, त्याला एका वेळी मूठभर पुरतं, पण वाढत्या पिल्लाला दिवसातून तीनदा.

आठ दिवस झाले. बोंडी मडक्यातलं दोन घास खाई आणि तोंड फिरवी. उभी राहायला गेली की पाय फाकायचे आणि छातीवर पडायची. मला काही कळेना. नवव्या दिवशी तिच्या अंथरुणाखाली भगरीची ढेकळं सापडली.

आत्याबाईच देत होत्या. पदराआड.

मी भांडले नाही. सासूशी भांडून कुत्रं उभं राहत नसतं. मी म्हटलं, "आत्याबाई, मला एकटीला धीर होत नाही, उद्या तुम्ही चला यवतमाळला." त्या आल्या. त्यांना बोंडीचा लळा लागलेलाच होता.

दवाखान्यात दुपारपर्यंत बाकावर बसलो. शेजारी एक माणूस रेडकू घेऊन बसलेला, तो आत्याबाईंना म्हणाला, "काय झालं बारकीले?" आत्याबाई म्हणाल्या, "अशक्तपणा." मुडदूस हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना.

डॉक्टरांनी मला काही विचारलंच नाही. त्यांनी आत्याबाईंचा हात धरला, त्यांचं बोट बोंडीच्या बरगडीवरून फिरवलं. प्रत्येक बरगडीच्या टोकाला मण्यासारखी गाठ लागत होती. "आजी, लागते का? ही माळ आजाराने घातली. तुमच्या गळ्यातली माळ तुम्ही हौसेने घातली. हिने नाही घातली."

आत्याबाईंनी बोट काढलं नाही. पुन्हा एकदा गाठी मोजल्यासारखं फिरवलं. मग म्हणाल्या, "म्या प्रेमानं देल्लं जी."

"माहीत आहे. म्हणून तर तिने खाल्लं."

परतताना एस.टी.त बोंडी त्यांच्या मांडीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात आले तर आत्याबाई लिंबाखाली पाट टाकून बसलेल्या, बोंडी उन्हात पसरलेली, आणि जमनाबाई समोर उभी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषधाची पूड संपली की अंड्याची टरफलं धुऊन, भाजून, वस्त्रगाळ करून चिमूटभर खाण्यात घाला. टरफलं सुपात पडलेली. मी हात लावणार तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "हे चुनाच हाय नं?"

"चुनाच आहे."

"मंग पानात तं मी रोजच खातो. आण खलबत्ता. जुना आण, देवघरातला नाही."

जमनाबाई म्हणाली, "आजी, आता अंघोळ करा लागन तुमाले."

"तुह्या नावानं करतो. दोन बादल्या," आत्याबाई म्हणाल्या, आणि कुटायला बसल्या.

त्या दिवसापासून पदराआडचा खाऊ बंद झाला. पण आत्याबाईंना हातून काहीतरी द्यायचंच असायचं, तेव्हा मी काड्या करायला लागले. ज्वारीचं पीठ, एक अंडं, मटणाचं अळणी पाणी घालून घट्ट मळायचं, करंगळीएवढ्या काड्या वळायच्या आणि तव्यावर मंद आचेवर खुटखुटीत होईपर्यंत भाजायच्या. गूळ-साखर नाही. दिवसाला दोन. त्या काड्या आत्याबाईंनी परसातल्या कोनाड्यात डब्यात ठेवल्या, किल्ली लावल्यासारख्या सांभाळल्या.

तिसरा आठवडा संपत आला. बोंडी मडकं चाटून पुसायला लागली होती, शेपूट हलवायची, पण उठायची नाही. मी रोज दिवस मोजायचे.

एकविसाव्या दिवशी एकादशी आली. आत्याबाईंनी आंघोळ केली, पूजा केली, साबुदाणा भिजलेला होता तो तसाच ठेवला आणि आधी परसात गेल्या. मडकं स्वतः खाली उतरवलं, कण्या कोमट केल्या, थाळी चार हात लांब ठेवली. "ये," म्हणाल्या.

बोंडीने पाय गोळा केले. थरथरली. एकदा बसली. मग उठली आणि चालत आली, डुगडुगत, थोडी तिरपी, पण पोट जमिनीला न टेकवता. थाळीपर्यंत पोचली आणि खायला लागली.

मी पदर डोळ्याला लावला. आत्याबाई तिथेच बसून राहिल्या, शेवटचा घास संपेपर्यंत. मी म्हटलं, "चला, तुमच्यासाठी उसळ करते."

"नको. आज पाणीच घेतो."

"काहून?"

"माह्या वाट्याचा उपास साबुदाण्यावर होते," त्या म्हणाल्या. "तिच्या वाट्याचा राह्यला नं. थो मी करतो."

बोंडीचे पुढचे पाय थोडे बाकदार राहिले ते राहिलेच, पण पुढे कितीतरी वर्षं ती त्याच पायांनी माझ्याआधी परसात पळायची. डॉक्टरांची बदली झाली. त्यांना आम्ही वावरातल्या तुरी पाठवल्या होत्या. जमनाबाईचं काळं मडकं मी परत केलं नाही, तिनेही मागितलं नाही. तुमच्या घरातलं मुकं जनावर तुमच्या ताटाकडे बघत बसलं, तर आधी विचारा की त्याच्या अंगाला काय लागतं. आपलं प्रेम त्याला पचतंच असं नाही. आत्याबाई असेपर्यंत दर एकादशीला आमच्याकडे एक ताट भरलेलं असायचं आणि एक रिकामं. भरलेलं परसात.