पप्पांच्या कानांवरचा हेडफोन

आमच्या शाळेत कॉम्प्युटरवर संगीत शिकवणार, हे ऐकून मी आधी हसलेच होते. पेटीचा भाता फाटलेला, तो शिवून आणायला कुणाला सवड नाही, आणि म्हणे कॉम्प्युटर! पण जालन्याहून संगीताचे नवे सर आले आणि त्यांनी लॅबमधल्या मशीनवर खरंच दोन सॉफ्टवेअर टाकली. एकात सूर-ताल लिहायचे, दुसऱ्यात आवाज भरून एकावर एक रचायचे. मी नववीत होते. माझे पप्पा ढोलकी वाजवायचे, त्यामुळे तालातलं मला सगळं कळतं असा माझा समज. डोंबलाचं कळत होतं! केरवा ताल कानाला ओळखीचा असणं वेगळं आणि त्याची एकेक मात्रा माऊसने चौकटीत बसवणं वेगळं. एक ठोका पुढेमागे झाला की अख्खी ओळ लंगडायची. सर न रागावता म्हणायचे, "पुन्हा कर." मला त्याचं वेडच लागलं. सगळे डबा खायला गेले तरी मी लॅबमध्येच.

पप्पा एमआयडीसीत लोखंडाच्या एका मिलमध्ये कामाला होते आणि वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकीवर. जयंतीला आमच्याकडे भीमगीतं व्हायची ती याच पार्टीची. गाणारे काका पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. मिलमध्ये पप्पांना कुणी विचारत नव्हतं, पण ते स्टेजवर येऊन बसल्याशिवाय काका गाणं उचलत नसत. ढोलकीमागची ती जागा म्हणजे पप्पांचा जीव होता.

एका शनिवारी पालकांना शाळेत बोलावलं. मी पप्पांचीच ढोलकी मोबाईलवर भरून घेतली होती आणि तिच्यामागे सूर रचले होते. माझं पहिलं काम! मी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि बटण दाबलं. पप्पांनी डोळे मिटले. मान डोलवायला लागले, मांडीवर बोटं नाचवायला लागले. "लई भारी झालं बरं का," म्हणाले. मी फुगलेच. मग खाली पाहिलं तर हेडफोनची वायर खुर्चीखाली लोंबत होती. ती मशीनला लावलेलीच नव्हती. सरांनीही पाहिलं आणि ते खिडकीकडे वळले.

घरी जाताना गाडीवर मागे बसून मी विचारलं, "पप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही का?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मग दारात समोर उभी राहून तेच विचारलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"जोरात बोललं की येतं थोडं. पार्टीत सांगू नको माय, दुसरा बसवतील."

मिलच्या धडधडाटाने त्यांचे कान गेले होते. तिथे तपासणीला माणसं आली की तेवढ्यापुरती कानात घालायची बोंडं वाटायचे आणि ती गेली की परत घ्यायचे. बाकी दिवस कापसाचे बोळे. मला त्या मिलचा असा संताप आला होता! अजूनही येतो, लपवत नाही.

पण पप्पांचे डोळे तर शाबूत होते. सॉफ्टवेअरमध्ये गाणं चालू असताना एक रेघ सरकत जायची, कुठं पोहोचलो ते दिसायचं. म्हटलं, ऐकू येत नसेल तर बघून वाजवा. जयंतीची गाणी मी मात्रा-मात्रा करून लिहून काढली. ध्रुपद किती वेळा घ्यायचं, विचारलं, तर पप्पा म्हणाले, "दोनदा. तालमीत दोनदाच घेतोत, बराबर." सरांनी आपला लॅपटॉप दिला. पार्टीला सांगितलं की पोरगी रेकॉर्डिंग करून राह्यली. काकांनी ओळ उचलली की मी बटण दाबायचे आणि पप्पा रेघेवर नजर ठेवून वाजवायचे. तालमीत कुणालाही कळलं नाही.

जयंतीला पहिलं गाणं छान झालं. दुसऱ्याला मंडप उठला. "पुन्हा! पुन्हा!" आमच्या लोकांना ध्रुपद भिडलं की ते सोडत नाहीत, गाणाऱ्यालाही मग द्यावंच लागतं. हे आम्हा दोघांना जन्मापासून ठाऊक, पण लिहिताना एकाच्याही डोक्यात आलं नाही. काकांनी ध्रुपद पुन्हा उचललं आणि स्क्रीनवरची रेघ पुढच्या कडव्यात शिरली. पप्पांनी कडव्याचा जलद ठेका, लग्गी, सुरू केला. कोरसवाले अडखळले, टाळ्या विस्कटल्या. पुढून कुणीतरी ओरडलं, "ढोलकीवाला पिऊन आलाय काय रे!" लोक हसले. पप्पांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आणि त्यांना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. ते स्क्रीनकडे बघून खुशीत वाजवत होते.

तो हसरा चेहरा मला आजही सहन होत नाही.

मी लॅपटॉप बंद केला, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ध्रुपदाचा ठेका द्यायला लागले. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं, मग मंडपाकडे. हात क्षणभर थांबले आणि माझ्या बोटांबरोबर चालू झाले. काका गाता गाता माझ्या हाताकडे बघत होते. गाणं पुरं झालं.

मंडपामागे काकांनी पप्पांना दंडाला धरून हलवलं. "कवापासून?" पप्पा त्यांच्या ओठांकडे बघत होते. "कवापासून, सांग की! मला सांगायचं न्हाई? तुझ्याबिगर कधी गायलो का मी?" आणि काका ढसाढसा रडायला लागले. पप्पा त्यांची पाठ थोपटत राहिले.

पुढच्या जयंतीला काका लोकांकडे तोंड करून बसलेच नाहीत. पप्पांसमोर बसले, माईक आडवा घेऊन. मंडपातून आवाज आला, "अहो, इकडं तोंड करा!" काका माईकवर म्हणाले, "माझा ढोलकीवाला माझं तोंड बघून वाजवतो. आवाज येऊन राह्यला ना? मंग गुमान आईका." पप्पांची जागा राहिली.

दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत मी ते पहिलं काम पुरं केलं आणि पप्पांना लॅबमध्ये बोलावलं. या वेळी वायर नीट लावली, दोनदा ओढून पाहिली. मला वाटलं, थोडं तरी पोहोचेल. पप्पांनी हेडफोन हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि उचलून माझ्याच कानांवर ठेवला.

"मला कायबी ऐकू येत न्हाई आता," ते सरांसमोर म्हणाले. "तू आईक. आन् मला सांग, मी कसा वाजवून गेल्तो."

मी बटण दाबलं. त्यांची ढोलकी आली, स्वच्छ, जोरकस. मग मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांचाच ठेका त्यांना शेवटपर्यंत वाजवून दाखवला.