आईच्या मनातलं ग्रहण

मी चार वर्षांची होईपर्यंत बोलले नाही. बोलले ती एकदम अख्ख्या वाक्याने, असं आई सांगायची, आणि ते वाक्य होतं, "पंखा बंद कर." मे महिन्यातला रोहा, अंगाची नुसती काहिली, आणि एवढीशी पोर पंखा बंद करायला सांगते म्हणून घरातले सगळे हसले. आईने मात्र उठून पंखा बंद केला. जुन्या पंख्याची कुरकुर मला कानात सुई घातल्यासारखी लागत होती, हे तिला कसं कळलं असेल कोण जाणे. ते सांगण्याइतके शब्द मला पुढे खूप वर्षांनी मिळाले.

लहानपणी मला कुणी जवळ घेतलेलं चालत नसे. केसांवरून मायेने हात फिरवला तरी खाजकुइली लागल्यासारखं व्हायचं आणि मी किंचाळत सुटायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, "काय गो, पोर आईच्या कुशीत पण येत नाय!" आईने त्यावर आपला एक मार्ग काढला होता. ती मला आडवं करायची, अंगावर एकावर एक गोधड्या टाकायची आणि वरून तळहातांनी घट्ट दाबून बसायची. त्या भाराखाली माझा जीव शांत व्हायचा. आमची जवळीक ही अशी, मध्ये गोधड्या ठेवून.

लग्न असो, बारसं असो, ग्रामदैवताची पालखी असो, मी आपली मागच्या खोलीत. पालखी दाराशी आली की ढोल माझ्या छातीतच वाजायचे. पुढे आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी राहायची आणि कुणी माझी चौकशी केली की सांगायची, "तिला ताप आलाय." वर्षानुवर्षं मला नेमका पालखीच्या दिवशीच ताप यायचा. मला खोटं बोलता येत नाही, आजही येत नाही. आम्हा दोघींच्या वाट्याचं खोटं आईच बोलली.

वडील मी कॉलेजात असताना गेले. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि पेणचं स्थळ सांगून आलं. मुलगा शाळेत शिक्षक, मोजकं बोलणारा. मला वाटलं, माणूस शांत आहे, म्हणजे घरही शांत असेल. पण घराच्या भिंतीला लागूनच गणपतीचा कारखाना होता. हंगाम सुरू झाला की तिथे रंगाचा कॉम्प्रेसर चालू व्हायचा, तो सगळे गणपती घरोघर रवाना होईपर्यंत. घरच्यांना तो इतका सवयीचा झाला होता की त्यांना ऐकूच येत नसे. मला दुसरं काही ऐकू येत नसे. सासूबाई एका दमात तीन कामं सांगायच्या, तेव्हा माझं पहिलंच कळायचं राहिलेलं असायचं. गौरी-गणपतीला घर पाहुण्यांनी भरलं की मी माळ्यावर, पापड-मिरगुंडांचे डबे ठेवायच्या जागेत जाऊन बसायचे. खालून कानावर यायचं, "सूनबाई शिष्ट आहेत हो तुमच्या." कुणी म्हणायचं, "माणूसघाणीच आहे."

मी रोज सकाळी मनाशी ठरवायचे. आज हसायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, कुणी "कशी आहेस" विचारलं तर आपणही उलट विचारायचं. हे दिवसभर निभावता निभावता मी इतकी दमायचे की संध्याकाळी नवरा घरी आला की त्याच्यासाठी माझ्याजवळ एक शब्द उरलेला नसायचा.

तो वाईट नव्हता. एकदा जेवताना ताट बाजूला सारून म्हणाला, "तू कधी भांडतसुद्धा नाहीस. या घरात मी एकटाच राहतो असं वाटतं मला."

मला ते खरं वाटलं. मी म्हणाले, "हो."

त्याला बहुधा "नाही" ऐकायचं होतं. हे मला कळलं ते काही दिवसांनी, नागोठणं मागे टाकून एसटी भिसे खिंड चढायला लागली तेव्हा. मांडीवर बॅग घेऊन मी आईकडे चालले होते. खाली उतरावं, परत जाऊन त्याला ते सांगावं, असं मनात आलं. पण तेव्हाही काय बोलायचं ते तयार नव्हतं. गाडी खिंड उतरली.

आईने दार उघडलं, बॅगेकडे बघितलं आणि विचारलं, "जेवलीस?" तेवढंच. आत्या मात्र मुद्दाम येऊन तिला बोलून गेली, "तूच लाडावून ठेवलंस, म्हणून ही वेळ आली." आई मान खाली घालून ऐकत राहिली. माझ्यावरून कुणी तिला बोल लावला की ती कधी उलट उत्तर द्यायची नाही. त्या गप्प बसण्यात काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

रोह्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. नमुने यायचे, ते तपासायचे, आलेला आकडा कळवायचा. वजनकाट्याच्या खोलीत कुणी मोठ्याने बोलायचं नाही, जोरात दार लावायचं नाही, कारण काटा हलतो. असा नियम असलेल्या खोलीत मी पहिल्यांदाच वावरत होते. शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाची एक बाई होती. नवरा कुवेतला, ती सासूसोबत खाडीकडच्या गावात राहायची. आम्ही दोघी शेजारी बसून डबा खायचो, बहुतेक वेळा न बोलता. तिला त्याचं काही वाटत नसे.

चाळिशी उलटल्यावर एक दिवस कंपनीत आणीबाणीची रंगीत तालीम झाली. आधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. भोंगा आमच्या खिडकीबाहेरच होता. तो वाजला आणि पुढचं मला धड आठवत नाही. मी टेबलाखाली होते, कानांवर हात गच्च दाबलेले. भोंगा थांबला तरी मला बाहेर येता येईना, तोंडातून शब्द फुटेना. लोक वाकून बघत होते. कंपनीच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. खोलीतले दिवे घालवले, सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि त्या दाराशी स्टुलावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाल्या, "तुम्हाला हे अगदी लहानपणापासून होतं का?"

"तुम्हाला काय झालं" असं विचारणारे पुष्कळ भेटले होते. हा प्रश्न नवा होता. त्यांनी मला पनवेलच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे बऱ्याच फेऱ्या झाल्या, आणि शेवटी मला तो शब्द मिळाला. ऑटिझम. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. मला तो मराठी शब्द पटत नाही. मी स्वतःत मग्न कधीच नव्हते. बाहेरचं सगळं, आवाज, उजेड, वास, माणसं, माझ्यात विनापरवाना घुसत होतं आणि मी दारं लावत होते.

त्या दिवशी पनवेलच्या स्टँडवर मी कितीतरी वेळ बसून होते. आनंद वगैरे नव्हता. शाळेत "माझ्याकडे बघून बोल" म्हणून बाईंनी हनुवटी धरून मान वर केलेली एक मुलगी आठवत होती. माळ्यावर डब्यांमध्ये बसलेली एक सून आठवत होती. त्या दोघींना हे कुणीतरी वेळेत सांगायला हवं होतं. आता सांगून त्यांना काय उपयोग? रोह्याच्या गाड्या माझ्यासमोरून सुटत राहिल्या.

आई तेव्हा खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. मी तिच्या पलंगाशी बसले आणि डॉक्टरांनी सांगितलं तसंच सांगितलं, "आई, माझा मेंदू जन्मापासूनच वेगळ्या घडणीचा आहे. त्याला नाव आहे."

ती वर छताकडे बघत राहिली. "जन्मापासून?"

"हो."

"म्हणजे पोटात असल्यापासून?"

"हो, तसंच."

तिने डोळे मिटले. "मग ते माझ्यामुळेच गो."

मला काही कळेना. मग ती थांबत थांबत बोलली. "तू पोटात होतीस. ग्रहण होतं. सासूबाई बजावून गेलेल्या, काळोखात बसून राहा, विळीला हात लावू नको. नि तुझ्या बाबांचे साहेब अचानक जेवायला आले. घरात दुसरं कुणी नाय. मी विळीवर बोंबील कापले. कुणाला बोलले नाय. तू बोलेनास तेव्हाच मी समजले, ते तुला लागलं."

इतकी वर्षं. पंखा बंद करताना, गोधड्या रचताना, दाराशी माझा ताप सांगताना, आत्याचं ऐकून घेताना, तिच्या मनात ते ग्रहण होतं. ती सगळी माया होती की त्यातलं काही प्रायश्चित्त होतं, हे मी तिला विचारलं नाही. मला आजही ते ठाऊक नाही.

मी म्हणाले, "ग्रहणाचा ह्याच्याशी काही संबंध नाही. मी डॉक्टरांना सगळं विचारून आलेय. कुणाच्याच चुकीने होत नाही हे."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस तू."

"आई, मला खोटं बोलता येतं का?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. "नाय येत. तेवढं मात्र नाय येत तुला." हसता हसताच ती रडायला लागली. अशा वेळी काय करायचं ते मला जमत नाही. मी तिचा चांगला पाय चेपत बसले. माझा हात जड पडतो. ती रडत होती आणि मध्येच म्हणत होती, "हळू गो, हळू."

तिला ते पूर्ण पटलं असं नाही. चार-आठ दिवस गेले की ती पुन्हा विचारायची, "ग्रहणाचं नाय ना, खरंच?" मी दर वेळी तेच उत्तर त्याच शब्दांत द्यायचे. तेच तेच बोलण्याचा मला कंटाळा येत नाही.

पुढच्या थंडीत ती गेली.

घर माणसांनी भरलं. मी सामान काढून दिलं, सतरंज्या घातल्या, विचारलं त्याला उत्तर दिलं. डोळ्यांतून पाणी आलं नाही. आत्या माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "एक टिपूस नाय डोळ्यात. काळीज हाय की दगड?" समाचाराला येणाऱ्यांबरोबर मी पुढे बसावं असं तिचं म्हणणं होतं. आता ताप सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मला ऑटिझम आहे. एवढ्या आवाजात मला बसवत नाही. मी आतल्या खोलीत आहे, कुणाला भेटायचं असेल त्याने एकेकट्याने यावं." वाक्य पूर्ण झालं. आत्याला ते समजलं नाही, ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण एक-दोन माणसं खरंच एकेकटी आत येऊन बसून गेली.

रडू आलं ते पुन्हा कामावर रुजू झाल्यावर, आणि ते हातांतून आलं. नमुन्याचं वजन घ्यायला गेले तर चमचा काट्याच्या काचेवर टकटक वाजायला लागला. हात थांबेना. शेजारच्या बाईने बघितलं. ती जवळ आली, पण माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. "आई आठवली?" तिने हळूच विचारलं. मी मान हलवली. "घरी जा. नमुने मी बघते."

मी त्या दिवशी घरी गेले. आता कंपनीत तालमीच्या आधी मला सांगतात आणि मी कानांवर आवाज अडवणारे मफ चढवून फाटकाबाहेर जाऊन उभी राहते. कुणी बघितलं तरी चालतं. घरी पंखा लावायचा की नाही, दिवा किती ठेवायचा, काय जेवायचं, सगळं माझ्या मनासारखं आहे. आहे तशी राहायची सवय मला याआधी नव्हती. ती मला झालीय, आणि ती बघायला आई नाही.

आई भांडी घासताना भांड्यांशी बोलायची. तव्याला रागवायची, कुकरच्या झाकणाला नावं ठेवायची. ते पुटपुटणं दिवसभर चालायचं आणि माझ्या कानांना ते कधी टोचलं नाही. रविवारी दुपारी घर अगदी गप्प असतं. मला हवं होतं तसं. मी भांडी घासायला बसते, आणि तव्याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही.