पडद्याआडची हजराबी

जोंधळ्याचं दळण निम्मं झालं होतं, निम्मे जोंधळे अजून सुपातच होते, तेवढ्यात हजराबी दारात येऊन उभी राहिली. बीडहून आमच्या पालीपर्यंत उन्हातून चालत आलेली. मी जातं थांबवलं. तिनं पाणी मागितलं नाही, बसली नाही. एकदम म्हणाली, "गीताबाई, सूनबाईचं लेकरू अंगावरनं तोडलं का?"

"कालपासून शेळीच्या दुधावर आहे. ऐकतेस ना रडणं?"

माझी सून तुळजा भिंतीकडे तोंड करून बसली होती. पाळण्याकडे बघायचं नाही म्हणून.

हजराबी कोण, ते सांगते. तिचा नवरा जमील पिंजारी. तो गेल्यावर ही बीडच्या सरकारी दवाखान्यात कामाला लागली. काम काय, तर पडद्याआड राहायचं. आमच्यातल्या बायका काय नि त्यांच्यातल्या काय, डॉक्टरसाहेबापुढं अंग उघडं कोण करील? म्हणून मध्ये पडदा. साहेब बाहेर खुर्चीवर, कानात नळी घालून. ती लांब रबरी नळी पडद्याखालून आत येते आणि तिचं टोक हजराबी बाईच्या छातीला, पाठीला लावते. साहेब "सांस रोको" म्हणाले की ही म्हणते, "दम धर गं बाई." बायका निघताना हिलाच विचारतात, मला काय झालंय? त्यावर हिचं ठरलेलं, "मला काय इचारता? मी खुंटी हाय, नळी अडकवायची."

तुळजाला खोकला नि संध्याकाळची कणकण, म्हणून परवा गाडीनं नेलं होतं. साहेबांनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, उजव्या बाजूला खाली घरघर आहे, क्षयाची शंका येते, लेकरू आईपासून वेगळं ठेवा. साहेब भला माणूस. बोलताना त्यांचाही आवाज पडला होता. तुळजाचं पहिलं लेकरू देवानं नेलं. हे दुसरं.

"माझा हात हिच्या पाठीवर व्हता," हजराबी सांगू लागली. "दम धरला की बाईची छाती गप व्हती. हिची थरथरत व्हती. तोंड मिटलेलं, तरी थरथर. सायेबाच्या मधी मी काय बोलू? पण घरी गेले आन् भाकर गिळंना. तुळजे, तू आत काय करत व्हतीस गं?"

तुळजा भिंतीलाच म्हणाली, "वैजनाथाचं नाव घेत व्हते."

तेव्हा उलगडलं, आणि तेव्हाच सगळं गुंतलं. तिचा नेम आहे. हे लेकरू जगावं म्हणून, परळीला त्याचं जावळ काढेपर्यंत, जागेपणी नाव सुटू द्यायचं नाही. तोंड मिटलं की ते आतल्या आत घुमतं, भुंग्यासारखं. आम्हाला घरात इतकी सवय की ते ऐकूच येत नाही. मग साहेबांच्या नळीत काय आलं? रोग की नाव? देवाचं नाव रोगासारखं वाजेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि रोग नावाच्या मागं लपला असेल तर?

"जरा थांबीव," हजराबी म्हणाली. "मी कान लावते."

"थांबिवलं आन् लेकराला काय झालं तर?"

"आन् ते तिकडं आईवाचून रडतंय, ते?"

"आत्याबाई, तुमीच सांगा."

मी काय सांगू? जन्मभर नाव घ्या म्हणत आले, सोडा असं कधी कुणाला म्हटलं नाही. शेवटी तोंडातून निघालं, "तुझ्या वाटचं मी घेते. नेम घरातल्या घरात राहील." हे शास्त्रात बसतं का, ठाऊक नाही. मी सुरू केलं. हजराबीनं तुळजाच्या पाठीला कान लावला आणि लगेच डोकं वर काढलं. "अवो, तुमचंच घुमतंय सगळ्या घरात! देव बहिरा हाय का? मनात घ्या."

मनात घेऊ लागले. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"मोठी घरघर गेली," ती म्हणाली. "पण खाली काई तरी... दूध वर यायच्या आधी भांड्याच्या कडंला वाजतं तसं. हाय बी, न्हाई बी. का मी चालून आले म्हनून माझाच कान वाजतोय?"

मग मीही कान लावला. मला जातंच ऐकू आलं. सकाळपासून दळत होते, ते कानातून जाईना.

पाळण्यातलं रडणं एकाएकी थांबलं. तुळजा दचकली. "आत्याबाई, नाव चालू हाय ना?"

"चालू आहे," मी म्हटलं, आणि म्हणताना नाव तुटलं. लेकरू झोपलं होतं, एवढंच.

"सायेबाला परत ऐकू द्या," हजराबी म्हणाली. "नळी मी धरते. हिनं आत बाहेर दोन्हीकडून गप ऱ्हायचं. तुमी पडद्यात हिच्याजवळ बसा, पर मुक्यानं."

तुळजानं माझ्याकडे बघितलं. "मदी तोडू नका," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून मी आत नाव घेते आहे आणि बाहेर बोलते आहे. दोन्ही धड होत नाही. उद्या साहेबांनी घरघर नाही म्हणावं, ती नुसती नावाचीच होती असं निघावं, हे मागावं, तर ज्याचं नाव घेते त्याच्याकडेच त्याच्या नावाबद्दल काय मागणार?

जोंधळे सुपात तसेच आहेत. आता गाडीवाल्या म्हाळूच्या घरी जायचं, उद्या बीडला गाडी जुंपतोस का, विचारायला.