नवव्या प्रश्नाचं शून्य

मी लखनौच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, कंत्राटावर. त्यातही माझ्या गळ्यात पडलेला पेपर कुणालाच नको असतो: अर्थशास्त्राची पद्धती. म्हणजे आपलं शास्त्र जे ठामपणे बोलतं ते कशाच्या जोरावर, हे मुलांना सांगायचं. मुलं विचारतात, मॅडम, इसमें से आएगा क्या? मी म्हणते, गृहीतकं येतील, पाठ करा. गृहीतक खरं असायची गरज नाही, त्यावरून बांधलेला अंदाज बरोबर आला की झालं, असं मानणारा एक मोठा पंथ आमच्यात आहे. हे मी फळ्यावर लिहिते, मुलं उतरवून घेतात, आणि बेल होते.

बाबांना हे कधी पटलं नाही. ते अमरावतीकडचे, सरकारी कंपनीच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. मी शाळेत ‘अन्य बातें समान रहने पर’ घोकायचे तेव्हा ते पेपरातून डोकं काढून विचारायचे, ‘अन् राहतात का गं कधी समान?’ मला राग यायचा. एवढ्या जाड पुस्तकात छापलंय, आणि हे चाललेत शहाणपणा शिकवायला! आई गेल्यापासून लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या भाड्याच्या घरात आम्ही दोघंच आहोत, आणि हा वाद काही संपलेला नाही.

आता मुद्द्याचं. माझी पीएचडी रखडली होती. रखडली म्हणजे अशी, की माझ्यानंतर आलेल्यांचे सत्कार झाले आणि मी त्यांना हार घालत होते. कॉलेजने शेवटी पत्र दिलं, जूनपर्यंत प्रबंध जमा करा, नाहीतर कंत्राट पुढे चालणार नाही. बाबांचे हात तोवर थरथरायला लागले होते. त्यांचं औषध, घरभाडं, सगळं माझ्या त्या कंत्राटावर. पण त्यांची काळजी निराळीच. त्यांनी जवळच्या कपूरथला बाजारातल्या दुकानात माझ्या नावाची दारावरची पाटी आधीच करून आणली होती, ‘डॉ.’ लावून. ती वर्तमानपत्रात गुंडाळून, आईच्या तसबिरीमागे ठेवून दिलेली. मला ठाऊक नाही असं त्यांना वाटायचं.

माझा विषय लखनौच्या कडेला असलेल्या चिनहटच्या बायका. तिथल्या कारखान्यांतून बाटल्यांची झाकणं गोण्या भरून घरोघर येतात आणि बायका दारात बसून प्रत्येक झाकणात रबराची चकती दाबून बसवतात. नगावर पैसे. मला बघायचं होतं, दर वाढला की बायका जास्त वेळ काम करतात का. दर मी ठेकेदारांकडून घेतले. तास बायकांना विचारले. नववा प्रश्न तोच होता: गेल्या सात दिवसांत हे काम किती तास केलंत?

तीनशेच्या वर फॉर्म भरले, उन्हातान्हात, मांडीवर पॅड ठेवून. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बाबा म्हणाले, दे इकडे, मी स्वच्छ उतरवून देतो. दोन महिने रोज सकाळी चहा झाला की ते पट्टीने आखलेल्या मोठ्या कागदांवर माझे फॉर्म उतरवत बसायचे. डाव्या हाताने उजवा मनगटाशी धरून. एकेक आकडा असा, की बघत राहावं. त्यावरून मी लॅपटॉपवर टाइप केलं. पुन्हा मूळ फॉर्म कोण बघतो? बाबांनी उतरवलंय म्हटल्यावर तपासायचं काय?

निकाल आला तो भलताच. जिथे दर सगळ्यात जास्त, त्या दोन गल्ल्यांत बायका कामच करत नाहीत. शून्य तास! माझे गाइड खुर्चीतून उठले. असं उलटं काही निघालं की आमच्या लोकांना भूक लागते. त्यांनी मला सिद्धांत सुचवला, की दर चांगला मिळाला की घराची गरज लवकर भागते, मग बाई कामातून अंग काढून घेते. मी त्या शून्यावर अकरा पानं लिहिली. आलेख काढले, तीन पंथांची मतं जोडली. आज ती पानं वाचताना मला माझ्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

जमा करायला नऊ दिवस होते. परिशिष्टात भरलेल्या फॉर्मची एक प्रत जोडायची असते, म्हणून ट्रंकेतून हाताला लागला तो फॉर्म काढला आणि झेरॉक्सच्या रांगेत उभी राहिले. रांगेत सहज नजर गेली. नववा रकाना कोरा. घरी येऊन बाबांचे कागद काढले. त्या बाईच्या नावापुढे, देखणं, गोल, निळ्या शाईचं शून्य. मग मी जमिनीवर बसून सगळे फॉर्म चाळले. कोरे त्रेचाळीस, आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस त्या दोन गल्ल्यांतले.

बाबांना मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की उत्तर नसेल तिथे तुम्ही काय करायचात? ते अभिमानाने म्हणाले, रकाना कोरा सोडायचा नसतो. चौतीस वर्षं त्यांनी ऑफिसात एक रकाना कोरा सोडला नव्हता. कोरा सोडला की उद्या कुणीही त्यात काहीही भरतो आणि तो आपल्या अंगावर येतो. विशेषतः आपल्यासारख्या राखीव जागेवर आलेल्यांच्या अंगावर, असं ते म्हणाले. म्हणून शून्य टाकून बंद करायचा. मी बरं म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी ऑटो करून चिनहटला गेले. त्या गल्लीतली एक बाई मला ओळखत होती. झाकणांचा ढीग पुढे तसाच होता, बोटं चालूच. मी विचारलं, मागच्या वेळी तुम्ही तास का नाही सांगितले? ती हसली. म्हणाली, नवा ठेकेदार जास्त देतो, पण त्याची अट आहे, कुणी विचारायला आलं तर किती वेळ बसता ते बोलायचं नाही. मग हळूच म्हणाली, ‘सुबह से बत्ती जाने तक बैठते हैं दीदी. आपने तो देखा था.’

खरंच, मी पाहिलं होतं. त्या फॉर्मच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: गप्प राहिली, हात चालू. बाबांनी शून्य टाकलं ते न बघता. मी तर समोर बसून तिच्या हातचं पाणी प्यायले होते, आणि ती काम करत नाही म्हणून अकरा पानं लिहिली होती. जे डोळ्यांनी दिसलं त्याला माझ्या शास्त्रात रकाना नव्हता.

गाइडना सगळं सांगितलं. पुन्हा सर्वेक्षण करायचं म्हणजे वर्ष जाणार, ते त्रेचाळीस काढले तर निकालच उरत नाही, आणि जून तर दारात उभा. ते अजिबात चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, ‘इतना परेशान क्यों हैं? एज़म्प्शन लिख दीजिए. तीसरे चैप्टर में एक लाइन.’

एक ओळ! चूक केली तर चूक, तीच तिसऱ्या प्रकरणात लिहून ठेवली की गृहीतक. आणि गृहीतक खरं असावं लागत नाही, हे मीच तर वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेय. मला भांडायचं होतं. टेबलावरचं सगळं उधळून द्यायचं होतं. पण डोळ्यांपुढे बाबांचं औषध आलं, ते कॉलेजचं पत्र आलं आणि तसबिरीमागची ती पाटी. घरी येऊन मी ओळ लिहिली: ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांचे कामाचे तास शून्य आहेत असे गृहीत धरले आहे. लिहायला एक मिनिटही लागलं नाही.

डिग्री मिळाली. तोंडी परीक्षेत त्या ओळीवर कुणी बोट ठेवलं नाही. एकाने तर स्पष्ट मांडणीबद्दल कौतुक केलं. बाबांनी स्वतः स्टुलावर चढून पाटी लावली, मी खाली स्टूल धरून उभी. शेजाऱ्यांना पेढे वाटले. मग प्रबंध तसबिरीपुढे ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून वाचायला घेतला. इंग्रजी त्यांचं ऑफिसपुरतं, पण पट्टी ठेवून ओळ न ओळ वाचायचे. मला वाटलं, दहा पानांत कंटाळतील. बाबा आणि कंटाळणार!

तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी मी कॉलेजातून आले तर ट्रंक उघडी. फॉर्म गल्लीवार लावलेले, शेजारी त्यांचे ते मोठे कागद, हातात लाल पेन. प्रत्येक शून्यावर ते एक रेघ मारत होते, वर लिहीत होते ‘उत्तर नाही’, आणि बाजूला सही. ऑफिसात खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते, नाहीतर ती लबाडी धरतात. हात इतका थरथरत होता की एका सहीला पाच मिनिटं जात होती. मी म्हटलं, बाबा, राहू द्या आता, कशाला? हे कागद आता कुणी बघणार नाही. त्यांनी पुढचा कागद ओढला.

तिन्हीसांजेपर्यंत ते बसले. मी चहा केला तो गार झाला. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, बोलावं, पाटी काढून फेकावी. त्यातलं काही त्यांनी केलं नाही. शेवटचा कागद बाजूला ठेवला, प्रबंध ओढून तिसरं प्रकरण उघडलं, त्या ओळीखाली पट्टी ठेवली आणि लाल पेन माझ्यापुढे धरलं.

‘ती शून्यं माझी चूक होती, त्यांवर मी सह्या केल्या,’ ते म्हणाले. ‘ही ओळ तुझी आहे बेटा. हिच्यावर रेघ मार अन् सही कर.’

मी पेन घेतलं. मग टोपण लावून परत टेबलावर ठेवलं. उद्या पहिला तास माझाच होता, गृहीतकांचा. बाबांनी त्या थरथरत्या हाताने त्रेचाळीस सह्या केल्या होत्या. मला एक करता आली नाही.