आठचा डबा की बाराचा

सासऱ्यांना घरी ऑक्सिजनची मशीन लागली, तेव्हा दारामागचा जुना फ्यूजचा बोर्ड बदलायचं ठरलं. लालबागच्या आमच्या दोन खोल्या. वायरमन बाहेरच्या खोलीतूनच बोर्ड बघून म्हणाला, "वहिनी, डबा आठचा आणू की बाराचा?"

मला वाटलं, बटणं मोजतोय. मग त्याने समजावलं की प्रत्येक लाइनला वेगळा एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा खटका, बसतो, तेवढी जागा डब्यात हवी. शिवाय एक आरसीसीबी. कुठे करंट लीक झाला, कुणाला शॉक बसला, की तो सगळं घर बंद करतो.

"सगळं घर?"

"हो, त्यासाठीच तर लावायचा."

दादरच्या दुकानदाराने आठचा डबा पुढे ठेवला. "दोन खोल्यांना हा खूप झाला." अँटॉप हिलला राहणाऱ्या दिरांना फोन केला, तर ते म्हणाले, "आरसीसीबी लावूच नका. आमचा पावसाळ्यात सारखा पडायचा, मी काढून टाकला." लावला तर मशीन बंद पडणार, नाही लावला तर शॉकची भीती. मी काहीच न घेता घरी आले.

रात्रीच्या जेवणाला सासऱ्यांपुढे ताट ठेवताना हे सगळं बोलून गेले. नाकात नळी असल्यामुळे ते कमी बोलायचे. म्हणाले, "अगो, गिझर बिघाडलो तर माझी मशीन कित्याक बंद पडाक होयी?"

गिझर बिघडला तर मशीन कशाला बंद पडायला हवी, हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी मी वायरमनला विचारला. तो म्हणाला, "मग दोन आरसीसीबी टाकू. मशीन आणि बाबांचा दिवा एकावर, बाकीचं घर दुसऱ्यावर. डबा बाराचाच लागेल."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मशीनचं बोललाच नाहीत, वहिनी."

खरंच बोलले नव्हते. घरात पेशंट आहे, एवढंच म्हटलं होतं.

बाराचा डबा बसल्यावर महिन्याभराने एका सकाळी गिझर लावला आणि पंखा, फ्रिज सगळं थांबलं. मी आतल्या खोलीत धावले. मशीन चालू होती, सासरे चहा पीत होते. बोर्डापाशी येऊन बाकीच्या घराचा खाली पडलेला आरसीसीबी वर केला, तो पुन्हा पडला. कोणता एमसीबी कशाचा, मला आठवेना. वायरमनने डब्यावर पेनाने लिहून ठेवलेलं वाचून मी गिझरचा एमसीबी खाली केला, तेव्हा कुठे आरसीसीबी वर टिकला.

गिझर दुरुस्तीला गेला. आठवडाभर पाणी गॅसवर तापवलं.