राजाबाईनं कधी पाहिलं

राजाबाईचा जन्म कधीचा, ते कुठल्या कागदावर नाही. आई सांगायची, पोलीस ॲक्शन झाली, रझाकार पळाले, त्यानंतरच्या पाचव्या की सहाव्या पावसाळ्यात तू झालीस, सोयगावकडच्या रानात, मेंढरं बसवली होती त्या वावरात. आधार कार्डवाल्यानं आपल्या मनानं एक जानेवारी टाकून दिली आणि राजाबाईनंही ती मुकाट्यानं घेतली. जन्मतारखेचं तिला काही अप्रूप नव्हतं. अप्रूप एकाच गोष्टीचं होतं. गावात कुणाला काही झालं की आधी आपल्याला बोलावलं पाहिजे.

आणि बोलवायचे की! पिशोरपासून सात-आठ किलोमीटरवर डोंगराला चिकटलेलं हे गाव. त्याच्या कडेला धनगरांची वस्ती, आणि वस्तीत केरबाची बायको राजाबाई. औषध ती कधी देत नसे, अंगारा नाही, मंतर नाही. ती फक्त बघायची आणि दोनपैकी एक शब्द बोलायची, "असू द्या" नाहीतर "न्या". असू द्या म्हणाली की माणसं घरी जाऊन जेवायची. न्या म्हणाली की हातातलं टाकून गाडी शोधायची.

हे तिला बापानं शिकवलं, तेही मेंढरांवर. मेंढराची खालची पापणी ओढायची, आत लाल आहे की पांढरं ते बघायचं. हिरडीवर अंगठा दाबून सोडायचा, रंग किती वेळात परत येतो ते बघायचं. कानाचं टोक हातात धरायचं, गार लागलं तर काळजी. "मानसाचं काय येगळं असतंय?" ती म्हणायची. "त्याला निस्तं बोलता येतं, आन् तेबी खरं बोलत नाय."

तिचं नाव झालं ते दगडाबाईच्या बाळंतपणात. बाळ झालं, सगळं आटोपलं, आणि दगडाबाई एकामागून एक जांभया द्यायला लागली. बायका म्हणाल्या, थकली बिचारी, झोपू द्या. राजाबाईनं ओठ उलटा करून पाहिला आणि ओरडली, "झोपू दिली तर उठायची नाय. न्या!" ट्रॅक्टरवर घालून नेली, वाचली. पुढं एकदा उसाची ट्रॉली उलटली. फकिराचा पाय मोडला होता, तो गाव डोक्यावर घेत होता. बन्सी बाजूला बांधावर बसून "मला काय नाय झालं" म्हणत होता. जीपमध्ये जागा एकालाच. राजाबाईनं बन्सीला घातलं. बन्सीचं पोट आतून फुटलं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. फकिरा वीस वर्षं लंगडला, आणि वीस वर्षं भेटेल तिथं तिला बोलून दाखवत राहिला. पण घरात कुणी आजारी पडलं की तोही तिच्याच दारात.

अशी चाळीस वर्षं गेली. मग करोना आला आणि सरूबाईच्या हातात तो चिमटा आला.

सरूबाई म्हणजे गावातल्या सांडूची बायको. दहा-बारा एकरांचं शेतकऱ्यांचं घर, दहावी शिकलेली, बोलायला गोड. बरीच वर्षं ती आशा म्हणून काम करायची. लसीचे दिवस सांगायचे, गरोदर बायांची नावं लिहायची, असली कामं. तोवर राजाबाईला तिचं काही नव्हतं. पण करोनात सरकारनं आशांना बोटाला लावायचा, ऑक्सिजन मोजायचा चिमटा दिला आणि गावाला त्याचं वेडच लागलं. बोट घालायचं, आकडा बघायचा. "किती आला?" "अठ्ठ्याण्णव!" परीक्षेत पास झाल्यासारखी माणसं खूश होऊन घरी जायची. पुढं करोना गेला, चिमटा राहिला. गुडघा दुखला तरी बोट पुढं, पोटात मुरडा आला तरी बोट पुढं.

राजाबाईचा नुसता जळफळाट व्हायचा. "चिमटा धुणं वाळत घालायला असतो," असं ती पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकवायची. बायका हसायच्या आणि संध्याकाळी सरूबाईच्या ओट्यावर जायच्या. एकदा तर खुद्द केरबा चोरून तिकडं जाऊन आला आणि घरी आल्यावर त्याच्या तोंडून निसटलं, "माजं सत्त्यान्नव भरलं." राजाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, की आजारी पडलास तर तिच्याच ओट्यावर जाऊन मर.

त्यावर कडी झाली ती शाळेतल्या शिबिरात. एकशे आठच्या गाडीवरचा डॉक्टर गावाला शिकवायला आला होता, गाडी येईपर्यंत रोग्यात काय बघायचं ते. त्यानं सरूबाईचं नख दाबलं, सोडलं आणि म्हणाला, "रंग दोन सेकंदांत परत आला पाहिजे. उशीर लागला तर समजायचं, रक्त कमी पडतंय." सरूबाईनं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती गावभर नखं दाबत फिरायला लागली आणि गाव म्हणायला लागलं, सरूबाईला किती कळतंय बघा. शिबिरात मागं भिंतीला टेकून बसलेल्या राजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. ही तिची विद्या होती. चाळीस वर्षं हिरड्या दाबल्या तिनं, कुणी वहीत लिहिलं नाही. आता तीच गोष्ट सरूबाईची झाली. त्या दिवसापासून सरूबाई समोरून आली की राजाबाई रस्ता बदलायची.

त्यानंतरचा पोळा. सांडूची बैलजोडी मारुतीला प्रदक्षिणा घालून लवकर दारी आली होती, बाकीची मिरवणूक अजून मारुतीपाशीच होती. सरूबाई बैलाच्या पायावर पाणी घालायला वाकली आणि तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. बैल बिथरला. मागच्या पायाची लाथ सरूबाईच्या डाव्या बरगडीखाली बसली आणि ती तांब्यासकट कोलमडली.

सगळे धावले. मारुतीच्या ओट्यावर बसलेली राजाबाईही धावली, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. ती पोचेपर्यंत सरूबाई उठून ओट्याला टेकून बसली होती, हसत होती.

"काय नाय झालं," ती सांडूला म्हणाली. "सणाचं तोंड पाडू नका. माजी पिशवी आना."

पिशवीतून तिनं चिमटा काढला, आपल्याच बोटाला लावला, क्षणभर बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "अठ्ठ्यान्नव!" चिमटा लगेच पिशवीत गेला. अंगण सैल झालं. कुणी बैल धरला, कुणी सांडलेलं हळदी-कुंकू गोळा केलं.

राजाबाई अंगणाच्या दारात उभी होती. तिला दिसत होतं ते असं. सरूबाईच्या वरच्या ओठावर घाम होता आणि ओठाचा रंग उतरला होता. तिनं पाणी मागितलं, प्याली, परत मागितलं. मग तोंडावर हात धरून जांभई दिली. थोड्या वेळानं आणखी एक.

"न्या" हा शब्द राजाबाईच्या जिभेवर आला होता. पण बोलायच्या आधी तिनं सवयीनं इकडंतिकडं बघितलं, कुणीतरी आपल्याकडं बघतंय का म्हणून. कुणीच बघत नव्हतं. बघितलं ते फक्त सरूबाईच्या सासूनं, द्वारकाबाईनं, आणि ती म्हणाली, "काय गं राजाबाई, मेंढी हाय व्हय ती, अशी निरखून ऱ्हायलीस? चिमट्यानं सांगितलं ना!"

चार बायका फिस्सकन हसल्या. राजाबाईनं शब्द गिळला आणि सरळ वस्तीचा रस्ता धरला.

सरूबाई मरावी असं तिच्या मनात नव्हतं. एवढंच होतं की जरा बिघडू दे, जरा घाबरू देत सगळे, मग कुणीतरी धावत येईल, राजाबाई, चल लवकर, म्हणेल. मग आपण पदर सावरू, सावकाश उठू. घरी येऊन तिनं केरबाला पुरणपोळी वाढली, स्वतः घेतली नाही. रस्त्यावर पाऊल वाजलं की तिची मान वर व्हायची. गाव पोळ्याच्या नादात होतं, वस्तीकडं कशाला कोण येतं! बैल घरोघर परतले, ढोल बंद झाले, उन्हं कलली. कुणीही आलं नाही. तेव्हा मात्र तिला त्या जांभया आठवल्या. ती उठली आणि केरबाला काही न सांगता निघाली, शेवटचा रस्ता तर पळतच गेली.

सरूबाई आत बाजेवर गोधडी पांघरून पडली होती.

"जेवली बी नाय, डोळा लागलाय तिचा," द्वारकाबाई म्हणाली.

राजाबाईनं गोधडी ओढली. कान गार. पापणी ओढली, तर आत लाल म्हणून काही नव्हतं. "गाडी बोलवा!" ती ओरडली. "एकशे आठला लावा फोन. ही जाते हातची!"

पंचवीस मिनिटांत गाडी आली. शिबिरातलाच तरुण डॉक्टर होता. त्यानं नाडी धरली, बीपी पाहिलं, नख दाबून मनात मोजलं, डाव्या कुशीवर हात ठेवला तशी सरूबाई कण्हली. सुई टोचून सलाइन लावता लावता त्यानं विचारलं, "ही अशी कधीपासून आहे?"

"आत्ताच की," सांडू म्हणाला. "मघापर्यंत हसत व्हती. अठ्ठ्यान्नव आला व्हता."

"तो आकडा श्वासाचा असतो हो, आत रक्त चाललं तर तो नाही सांगत. नीट आठवा. बीपी अजून शंभर आहे, शरीर धरून आहे. आत्ताच पांढरी पडली असेल तर दुखण्यानंही माणूस असं होतं, मग पिशोरच्या दवाखान्यात थांबून बघू. पण लागल्यापासूनच अशी असेल, तर रक्त आत वाहतंच आहे. मग कुठं थांबायचं नाही, सरळ औरंगाबादला, घाटी दवाखान्यात. कुणी बघितलं हिला आधी?"

मग द्वारकाबाईनं राजाबाईकडं बोट केलं. "गाडी बोलवा हीच म्हनली."

"आजी, तुम्ही कधी बघितलं?"

तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते हे असं आलं. अख्खं गाव दारात उभं होतं आणि एकूण एक माणूस राजाबाईच्या तोंडाकडं बघत होतं. आत्ताच, एवढं म्हणायचा अवकाश होता. तीच एकटी शहाणी ठरली असती, द्वारकाबाईनं पाय धरले असते. राजाबाईनं बाजेवरच्या पांढऱ्या तोंडाकडं बघितलं.

"मिरवनूक मारुतीपाशी व्हती तव्हा," ती म्हणाली. "तव्हाच व्हट उतरले व्हते. दोनदा पानी मागितलं, जांभया देत व्हती."

"म्हणजे तासाच्या वर झाला!"

"व्हय. दीड असंल."

डॉक्टरनं ड्रायव्हरला हाक मारली, फोन कानाला लावून रक्त तयार ठेवायला सांगितलं आणि गाडी औरंगाबादच्या रस्त्याला लागली. सांडू सरूबाईसोबत गेला. गाडीचा आवाज गेल्यावर द्वारकाबाई हळूच म्हणाली, "तव्हाच दिसलं व्हतं तुला?"

"व्हय."

"आन् निघून गेलीस?"

राजाबाई "व्हय" म्हणाली आणि माणसांनी तिला जायला वाट दिली.

घाटीत सरूबाईची बरगडीखालची फुटलेली प्लीहा काढावी लागली, चार बाटल्या रक्त लागलं, पण ती वाचली. आणखी तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं, असं तिथं सांगितल्याचं सांडू म्हणाला. यातला तासभर तेवढा गावानं धरून ठेवला. राजाबाईच्या दारात कुणी फिरकेना. फकिराला छातीत कळ आली तेव्हा तोसुद्धा परस्पर पिशोरला गेला. ती पाणवठ्यावर आली की बोलणी थांबायची. सरूबाई घरी आली तेव्हा सगळं गाव भेटून आलं, एक राजाबाई गेली नाही.

मग महिन्याभरानं एका दुपारी सरूबाईच वस्तीवर आली. हळूहळू चालत, कुशीला हात धरून, सासूला न सांगता. केरबा मेंढरांमागं गेला होता. राजाबाईनं पोतं अंथरलं. सरूबाई सावकाश त्यावर बसली.

"मावशी, तव्हाच काहून नाय बोलल्या?"

महिनाभर राजाबाईनं उत्तरं जुळवून ठेवली होती. द्वारकाबाई काय बोलली, बायका कशा हसल्या, आपल्याला कोण विचारतं. त्यातलं एकही तिच्या तोंडून निघेना.

"जळत व्हते मी तुज्यावर," ती म्हणाली. "तुज्या चिमट्यावर, तुज्या वहीवर. आजून बी जळते. दुसरं काय नाय."

सरूबाईनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. पदरानं कपाळावरचा घाम टिपला आणि म्हणाली, "त्या चिमट्यात दोन आकडे असतात. वरचा मी वाचला. खालचा नाडीचा असतो, तो एकशे सव्वीस व्हता. त्यो मी वाचला नाय."

"मंजे?"

"मंजे मला बी तव्हाच कळलं व्हतं. न्या मला, असं म्हननार व्हते. तेवढ्यात तुमी दारात उभ्या दिसल्या. वाटलं, मी घाबरले असं दिसलं की ह्या पुढं येतील, आन् सगळं आंगन मला सोडून ह्यांच्याकडं बघंल."

पन्नास माणसांच्या त्या अंगणात दोघींनाच काय ते कळलं होतं, आणि दोघीच गप्प बसल्या होत्या.

"अगं, मेली असतीस की," राजाबाई म्हणाली.

"व्हय," सरूबाई म्हणाली. "पन मी तुमाला इचारलं नसतं."